यादीतली एक ओळ

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने करायचं ठरलं. घरात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. "तुझं तर सगळं टायपिंगचंच काम असतं की," आत्या म्हणाली. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे टायपिंग करणारा, हे तिचं मत मला गेल्या बारा वर्षांत बदलता आलेलं नाही. मी हो म्हटलं.

आमचं घर उज्जैनला, कार्तिक चौकाजवळ. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या शेकडो मराठी घरांपैकी हे एक. सांगण्यासारखा पराक्रम कोणाच्या नावावर नाही. आमचे पूर्वज हिशेब लिहीत. दुसऱ्यांनी लुटलेलं, कमावलेलं, दान दिलेलं सगळं हे लोक नीट ओळीत मांडून ठेवत. त्यामुळे तलवार नाही, पण माळ्यावर कागदांची एक लाकडी पेटी मात्र आहे. कागद सगळे मोडीत. आजोबांना थोडी मोडी यायची, बाबांना नाही, मला तर ती मुंग्यांची रांग वाटते. इंदूरला मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मी कागदांचे फोटो पाठवत गेलो आणि ते सवडीने वाचून देवनागरीत लिहून पाठवत गेले.

बहुतेक कागद आपल्याकडे असतात तसेच होते. उसनवारी, वाटणी, काशीला गेलेल्या कोणाचं तरी खुशालीचं पत्र. एका रविवारी शके १७४१ ची, म्हणजे इसवी सन १८१९ ची एक यादी आली. घरातल्या मुलीच्या लग्नात काय काय दिलं त्याची ती यादी होती. लुगडी, तांब्याची भांडी, चांदीचे तोडे, समया. त्याखाली या दोन ओळी:

गाय कपिला सवत्स १
बटीक १, उमर १२

मी शिक्षकांना फोन केला. "सर, बटीक म्हणजे?"

"विकत घेतलेली मुलगी. गुलाम. मुलीबरोबर सासरी कामाला द्यायचे." ते शांतपणे म्हणाले. त्यांनी असे कागद पुष्कळ वाचले असावेत.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा शब्द मला नवा नव्हता. लहानपणी आमची एक चुलत बहीण केस मोकळे सोडून गच्चीवर गेली की आजी ओरडायची, "काय बटकीसारखी हिंडतेस!" शब्द घरात होता. अर्थ कोणीतरी कधीतरी पुसून टाकला होता, शिवी तेवढी शिल्लक राहिली होती.

त्या ओळीने माझी झोप गेली त्याला आणखी एक कारण आहे. त्यासाठी थोडं अमेरिकेत जावं लागेल.

२०१९ ते २०२१ अशी दोन वर्षं मी कामानिमित्त व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला होतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांची राजधानी ती ही. मी गेलो तेव्हा तिथल्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवर दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे उभे होते. जनरल लीचा घोड्यावरचा पुतळा १८९० चा. २०२० च्या उन्हाळ्यात त्याच्या चौथऱ्यावर निदर्शकांनी रंग फासला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो काढला गेला. त्याच शहरात शॉको बॉटम नावाचा भाग आहे. युद्धापूर्वी न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल माणसांच्या विक्रीचा सर्वांत मोठा बाजार तिथे भरायचा.

आमच्या टीममध्ये साठीला टेकलेले एक गृहस्थ होते. अतिशय सज्जन. माझी गाडी येईपर्यंत महिनाभर त्यांनी मला रोज ऑफिसला नेलं. त्यांच्या पणजोबांचे वडील दक्षिणेच्या बाजूने लढले होते. एकदा डबा खाताना मी पुतळ्यांचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं. राज्यांच्या हक्कांसाठी होतं. आमच्या घरी तंबाखूची शेती होती, थोडे गुलाम होते, नाही कशाला म्हणू? पण त्यांना घरच्यासारखं वागवायचे."

मी वाद घातला नाही. घरी जाऊन वाचायला बसलो.

आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम बंद पडली की मूळ कारण शोधायची ठरलेली पद्धत आहे. आधी लॉग बघायचा. लॉग म्हणजे त्या क्षणी यंत्राने स्वतः लिहून ठेवलेली नोंद. नंतर बैठकीत जो अहवाल तयार होतो त्यात प्रत्येक जण आपली बाजू सांभाळत असतो. लॉगला बाजू नसते. तेव्हा मी ठरवलं की युद्ध संपल्यावर कोण काय म्हणालं ते सध्या बाजूला ठेवू आणि फुटून निघताना त्यांनी काय लिहिलं ते बघू.

आणि तो लॉग अगदी स्वच्छ निघाला. अब्राहम लिंकन ६ नोव्हेंबर १८६० ला निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना राज्य संघराज्यातून बाहेर पडलं आणि त्याची कारणं सांगणारा जाहीरनामा त्यांनी काढला. त्यात मुख्य तक्रार काय? तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, गुलामगिरीविरुद्ध संस्था चालू देतात, आणि आता गुलामगिरीचा विरोधक राष्ट्राध्यक्ष होतो आहे. म्हणजे "राज्यांचे हक्क" हे म्हणणंच उलटं पडतं. उत्तरेकडच्या राज्यांनी आपल्या हद्दीत आपला कायदा चालवला याचाच तर त्यांना राग होता. १८५० च्या कायद्याने पळालेला गुलाम पकडून देणं उत्तरेतही बंधनकारक झालं होतं, आणि तो कायदा केंद्र सरकारने सक्तीने राबवावा अशी दक्षिणेची मागणी होती. महिन्याभरात मिसिसिपीने आपला जाहीरनामा काढला. त्यात तर सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. बंडखोर राज्यांनी मिळून स्वतःची जी राज्यघटना केली, तिने गुलामांच्या मालकीला बाधा आणणारा कोणताही कायदा करायलाच मनाई केली.

सगळ्यांत बोलका माणूस म्हणजे अलेक्झांडर स्टीफन्स, बंडखोरांचे उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात त्यांनी भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची स्वाभाविक स्थिती, आणि आमच्या नव्या सरकारचा कोनशिला हाच विचार आहे, असं ते उघड म्हणाले. युद्ध हरल्यावर १८६८ पासून याच स्टीफन्सनी दोन जाडजूड खंड लिहिले आणि त्यात मांडलं की भांडण राज्यघटनेचा अर्थ लावण्यावरून होतं. माणूस तोच. आधीचं भाषण लॉग, नंतरचं पुस्तक अहवाल.

पण "गुलामगिरीमुळे युद्ध झालं" एवढं म्हणून भागत नाही. गुलामगिरी तर जगात सगळीकडे होती, मग युद्ध तिथेच का? हे मला त्या आठवड्यात हळूहळू उलगडत गेलं.

१७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. पुष्कळांना वाटत होतं की ही प्रथा आपोआप विझेल. १७९३ मध्ये इलाय व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं आणि आखूड धाग्याच्या कापसाला एकदम भाव आला. यंत्राने सरकी काढण्याचं काम सोपं केलं, पण लावणी आणि वेचणी हातानेच होत राहिली. १८०८ मध्ये आफ्रिकेतून माणसं आणायला बंदी झाली, तरी १८६० पर्यंत गुलामांची संख्या ४० लाखांच्या जवळ गेली. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून माणसं दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात विकली जात, मुलं एकीकडे आणि आई दुसरीकडे. रिचमंडचा बाजार त्यावर चालायचा. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस इथून जायचा. त्या ४० लाख माणसांची बाजारभावाने किंमत ३०० कोटी डॉलरच्या घरात होती, देशातले सगळे कारखाने आणि रेल्वे यांच्या एकत्रित भांडवलापेक्षा जास्त, असं इतिहासकार सांगतात. ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवताना मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली होती. इथे तेवढ्याने काही झालं नसतं. लिंकननी छोट्याशा डेलावेअर राज्याला भरपाईची योजना देऊ केली, तीही तिथल्या मालकांनी नाकारली.

त्यात पश्चिमेकडच्या नव्या जमिनीची भर पडली. तिथे नवं राज्य तयार झालं की त्याला सिनेटमध्ये दोन जागा. ते राज्य गुलामीचं की मोकळं यावर दिल्लीतल्या, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनमधल्या, सत्तेचा तोल ठरायचा. १८२० मध्ये नकाशावर रेघ मारून तडजोड झाली. १८५४ मध्ये ती मोडली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन एकमेकांवर गेले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशांत संसद गुलामगिरीला बंदी घालू शकत नाही. तडजोडीची उरलीसुरली वाट न्यायालयानेच बंद केली.

लिंकनसुद्धा सुरुवातीला गुलामगिरी जिथे आहे तिथे हात लावणार नव्हते. ती आणखी पसरू द्यायची नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि उत्तर लढायला उतरली ती देश एक ठेवायला. म्हणजे उत्तरेचा हेतू पहिल्या दिवसापासून शुद्ध होता असंही नाही. पण दक्षिणेने घर सोडलं ते कशासाठी, याबद्दल तिच्याच सहीचा कागद आहे. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. चार वर्षांत ६ ते ७ लाख माणसं मेली. १८६५ च्या डिसेंबरमध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी गेली.

हे सगळं मी पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांसमोर मांडलं. नम्रपणे मांडलं असं मला वाटतं, पण आवाजात थोडी ऐट असणारच. त्यांनी जाहीरनामे फोनवर वाचले. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "तुमच्याकडे होतं का असं काही?"

मी म्हणालो, "जातिभेद होता. फार वाईट होता. पण माणसं विकत घेणं नव्हतं. निदान आमच्यात नाही."

बटीक १, उमर १२. ही ओळ वाचली तेव्हा मला माझं हेच वाक्य ऐकू आलं.

आणखी एक गोष्ट आठवली. रिचमंडला असताना मी १८६० च्या जनगणनेतली गुलामांची पत्रकं पाहिली होती. त्यावर मालकाचं नाव असतं. त्याखाली एकेका माणसाची एकेक ओळ: वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव बहुधा कोणाचंच नाही. ते पत्रक आणि आमच्या पेटीतली यादी शेजारी ठेवली, तर लिपीखेरीज काही फरक दिसत नाही. बारा वर्षांची एक मुलगी, एक आकडा. आमच्या कपिला गाईची ओळ तिच्यापेक्षा भरलेली होती.

मग मी आपल्याकडचं वाचायला लागलो, जे खरं तर आधी वाचायला हवं होतं. पेशवे दफ्तरात कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीचे, इनाम म्हणून देण्याचे उल्लेख आहेत. बदकर्माचा आरोप आलेल्या बाईला सरकारच गुलाम करायचं आणि कोठीत, पागेत, बांधकामावर कामाला लावायचं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बटीक शब्दाचा अर्थ सरळ स्त्री-गुलाम असा दिला आहे. आणि आपल्या माळव्याबद्दल सर जॉन माल्कमने लिहून ठेवलं आहे. १८१८ नंतर या भागाची घडी बसवायला तो महूला होता. मध्य भारतावरच्या १८२३ च्या ग्रंथात तो म्हणतो की माळव्यातली गुलामी मुख्यतः स्त्रियांची आहे, पण इतक्या स्त्री-गुलाम हिंदुस्थानच्या दुसऱ्या कुठल्या प्रांतात क्वचितच असतील. माल्कम ही माहिती गोळा करत होता त्याच सुमाराला आमच्या घरात ती यादी लिहिली जात होती.

या मुली येत कुठून? लढाई आणि दुष्काळ या दोन वाटा मोठ्या. माळव्यात तेव्हा दोन्हींचा सुकाळ होता. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, ऑक्टोबरमध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं. आपल्या मराठ्यांची यादवी ती हीच, आणि ती आपल्या दोन शहरांच्या अंगणात झाली. शिंदे-होळकरांचं वैर, वारसाहक्क, सूड, पुण्यातलं वजन यावर आपण अजून तासन्‌तास बोलतो. त्यापाठोपाठ पेंढाऱ्यांची वर्षं आली. १८१९ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी १८०७ च्या सुमाराची. तिचं गाव जळलं असेल, किंवा तिच्या आईबापांनीच पायलीभर जोंधळ्यासाठी तिला दिली असेल. आमच्या हिशेबी पूर्वजाने ते लिहिलं नाही. त्याला त्याची गरज वाटली नाही.

मग आपल्याकडे यावरून युद्ध का झालं नाही? मला जे समजलं ते असं. अमेरिकेत गुलाम म्हणजे कापसाचं पीक, आणि ते पीक म्हणजे अर्ध्या देशाची तिजोरी. नकाशावर रेघ मारता येईल अशी ती गोष्ट होती. आपल्याकडे बटीक घराघरांत विखुरलेली, चुलीमागे, विहिरीवर, गोठ्यात. तिच्यासाठी भांडणारा प्रांत नव्हता आणि तिच्या मालकीसाठी लढणाराही नव्हता. शेतातलं, रस्त्यावरचं, गावकीचं काम करून घ्यायला माणूस विकत घ्यायची गरजच नव्हती. ते काम जातीने आधीच वाटून ठेवलं होतं, फुकट किंवा सुपातल्या दाण्यांवर. १८४३ मध्ये कंपनी सरकारने पाचवा कायदा केला. त्याने एवढंच सांगितलं की यापुढे न्यायालयं गुलामाची मालकी मानणार नाहीत. भरपाई नाही, दवंडी नाही. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात, त्यामुळे कंपनीचा कायदा इथे थेट लागूही नव्हता. आमच्या घरातली शेवटची बटीक कधी मोकळी झाली, हे सांगणारा एकही कागद पेटीत नाही. बहुधा तो दिवस आलाच नाही. शब्द तेवढे बदलत गेले.

युद्ध व्हायला हवं होतं असं मी म्हणत नाही. सहा-सात लाख प्रेतं ही कोणी हेवा करावा अशी गोष्ट नव्हे. पण तिथे एक दिवस आला. १८७० च्या जनगणनेत त्या लाखो माणसांची पहिल्यांदा नावं लागली. तोवर जी नुसती वयं होती, ती माणसं झाली. त्यांची पणतवंडं आज त्या पत्रकांतून आपल्या घराचा शोध घेतात. आमच्या यादीतल्या मुलीला १८७० कधी आलंच नाही.

हे सगळं आपल्यातल्या कोणाला दिसलंच नाही असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे केलं त्याच्या आदरापोटी. मी आधी हे एक शोभेचं वाक्य समजत होतो. आता तारीख बघून थबकलो. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. तिकडे स्टीफन्ससारखे लोक कारण बदलायच्या कामाला लागले होते, आणि पुण्यातला एक माणूस ते युद्ध कशासाठी झालं हे न अडखळता सांगत होता. तिकडची बातमी आपल्याकडे नवी नव्हतीच. अमेरिकेचा कापूस बंद पडल्यावर मुंबईत भाव चढले, पैशांचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सगळा फुगा फुटला. पुष्कळांनी त्या युद्धात कापसाचा भाव पाहिला. फुल्यांनी त्यात शूद्रातिशूद्रांची स्थिती पाहिली आणि आमच्यासारख्या लेखणीवाल्या घरांकडे बोट दाखवलं. त्यांच्या पुस्तकावर आमच्या आजोबांचा फार राग होता. त्यांनी ते वाचलं होतं की नाही हे आता विचारता येत नाही. पेटीतली यादी मात्र त्यांना वाचता येत होती.

कुलवृत्तांताच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ती यादी जशीच्या तशी टाकली. ग्वाल्हेरच्या काकांचा लगेच फोन आला. "अरे, मोलकरीण लिही ना. लोकांना काय कळतंय?" पुण्याच्या चुलतभावाने 'दासी' सुचवलं, ते पौराणिक वाटतं म्हणून. एक वहिनी म्हणाली की त्या काळी सगळेच ठेवत असतील, आपल्याच घराचं काय घेऊन बसलात. कोणी म्हणालं, ती ओळ गाळून टाक, बाकी यादी छान आहे. यातलं कोणीही वाईट माणूस नाही. प्रत्येकाला आपल्या पणजोबांची लाज राखायची होती. मला रिचमंडच्या त्या गृहस्थांचा चेहरा आठवत राहिला. त्यांनाही तेच करायचं होतं, आणि मी त्यांना पुरावे दाखवले होते.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती तुळशीजवळ वाती वळत बसली होती. ग्रुपवरचं सगळं तिने वाचलं होतं.

"अरे, घरच्यासारख्याच असायच्या त्या," ती म्हणाली.

हेच वाक्य. सात समुद्रांपलीकडे, तंबाखूच्या शेतात राहिलेल्या घरातून आलेलं, तंतोतंत हेच.

मी म्हणालो, "आत्या, घरच्यांची नावं आहेत कुलवृत्तांतात. अकरा पिढ्यांची आहेत. हिचं नाही. आपल्या गाईचं सुद्धा वर्णन लिहिलंय."

ती चिडली. "तुला आपल्या घराला नावं ठेवायची आहेत का? तुझे आजोबा असते तर..." आणि उठून आत गेली. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. तिच्याशी दोन दिवस न बोलणं आमच्या घरात मोठी गोष्ट असते.

मधल्या काळात मी रिचमंडला एक मेल लिहिली. त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, आमच्याकडेही होतं, आमच्याच घरात होतं, असं लिहून यादीचा फोटो आणि त्या ओळीचा अर्थ पाठवला. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फार काही लिहिलं नव्हतं. वाचताना हात थरथरला असेल तर मला समजू शकतं, एवढंच. माफी नाही, टोमणा नाही. मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वतः आली. पोह्यांचा डबा टेबलावर ठेवला.

"काय लिहिणार आहेस तू त्या मुलीबद्दल?"

मी वाचून दाखवलं. शके १७४१ च्या लग्नात या घराने बारा वर्षांची एक विकत घेतलेली मुलगी मुलीबरोबर सासरी दिली. तिचं नाव, गाव, आईबाप यांची नोंद या घराने ठेवली नाही. तेव्हा माळव्यात अशा मुली अनेक घरांत होत्या. एवढंच.

"शिव्याशाप काही नाहीत ना पुढे?"

"नाहीत."

"आणि आम्ही फार चांगलं वागवायचो असंही नाही?"

"ते आपल्याला ठाऊक नाही, आत्या."

ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. चष्मा पुसला. "कुठल्या पानावर घेतलंयस हे?"

"लग्नाच्या यादीखाली. तळटीप दिली आहे."

"तळटीपेत नको," ती म्हणाली. "कोण वाचतंय तळटीप? वर घे."

मी वर घेतलं. ग्वाल्हेरचे काका अजून नाराज आहेत, आणि कुलवृत्तांत दिवाळीपर्यंत छापून होईल असं दिसतंय. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. मोडी वाचणारं माणूस हाताशी आहे तोवर ती उघडून घ्या, आणि जे निघेल ते आहे त्याच शब्दात उतरवा.